जळगावच्या पाण्यात चेरी श्रिम्प: कोणतं पाणी घ्यायचं ते ठरवेपर्यंतची कहाणी

सुरुवातीलाच सांगते, हे लांबलंय. घरात श्रिम्प, म्हणजे हौसेने पाळायचे छोटे झिंगे, पाळायला मागच्या दिवाळीनंतर सुरुवात केली आणि आता ऑगस्टात कुठे वाटतंय की पाण्याचं एकदाचं मार्गी लागलं. मधल्या काळात मराठीत वाचायला फारसं काही मिळालं नाही, व्हिडिओ मिळाले ते जर्मनीवाल्यांचे नाहीतर तैवानवाल्यांचे, त्यांच्या नळाचं पाणी वेगळं, त्यांचा मे महिना वेगळा. आपल्या खानदेशातल्या कुणाला उपयोग झाला तर होईल, म्हणून सगळं ओळीने लिहून ठेवतेय, खर्चासकट.

आधी श्रिम्प कोणते ते. मी घेतले चेरी श्रिम्प, म्हणजे निओकॅरिडिना, लाल रंगाचे, पूर्ण वाढले तरी इंचभराचे. ही जात गोड्या पाण्यातच अंडी धरते आणि पिल्लं बाहेर येतात ती थेट छोट्या श्रिम्पच्याच रूपात, मधली अळीची भानगड नाही, म्हणून घरी ब्रीडिंग जमू शकतं. अमानो श्रिम्प शेवाळ खायला एक नंबर, पण त्यांच्या अळ्यांना खारट पाणी लागतं, ते प्रकरण मला नकोच होतं. आणि ते लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे क्रिस्टल श्रिम्प दिसतात भारी, पण त्यांना केएच जवळपास शून्य, पीएच सहा-साडेसहा आणि पाणी २० ते २४ डिग्री हवं. जळगावात मे महिन्यात २४ डिग्री पाणी ठेवायचं म्हणजे चिलर, आणि चिलरची किंमत ऐकून मी तो विषय तिथेच सोडला.

चेरीला साधारण जीएच ६ ते ८, केएच ३ ते ६, टीडीएस १५० ते ३०० च्या मधे, पीएच ७ ते ७.८ आणि तापमान २२ ते २६ मिळालं की ते खूष. थोडं इकडेतिकडे झालं तरी जगतात, पण नुसतं जगणं वेगळं आणि दर महिन्याला पिल्लं देणं वेगळं.

हे शब्द मलाही नवीन होते. जीएच म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, श्रिम्प कात टाकतात तेव्हा नवं कवच बनवायला ते लागतं. केएच म्हणजे बायकार्बोनेट, ते असलं की पीएच एकदम वरखाली होत नाही. टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळं मिळून, आणि आपला दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस पेन तेसुद्धा मोजत नाही, तो फक्त पाण्यातून वीज किती सहज जाते ते बघतो आणि त्यावरून आकडा दाखवतो. मी एका सीएकडे अकाउंट्सला आहे, मला ते असं पटलं की टीडीएस म्हणजे नुसती खालची टोटल, कुठल्या हेडला काय पडलंय ते त्यात दिसत नाही. सगळ्या खटाटोपातून मला कळलेली मुख्य गोष्ट हीच, पुढचं वाचाल त्यात ती सारखी येईल.

तर नोव्हेंबरात मी टीडीएस पेन घेतला आणि घरात, नातेवाइकांकडे, जिथे पाणी दिसेल तिथे बुडवत सुटले. आम्ही राहतो पिंप्राळ्याकडे. जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी येतं, आमच्याकडे नळ दोन-तीन दिवसाआड, म्हणून प्रत्येक घरात टाकी आणि बहुतेक घरांत बोअर. नळाचा टीडीएस ३१० आला, आमच्या बोअरचा ७६०, किचनमधल्या आरओचा ८५, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या वीस लिटरच्या जारचा ४०. नणंदेच्या फ्लॅटवर ८०० च्या वर. एसीच्या पाइपातून टपकणाऱ्या पाण्याचा १५!

बोअरचं पाणी जड आहे हे सांगायला पेनाची गरज नव्हती म्हणा. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि कूलरच्या जाळ्यांवर उन्हाळाभरात क्षाराचा पांढरा थर चढतो तो खरवडून काढावा लागतो.

एसीचं पाणी फुकट आणि इतकं शुद्ध बघून मन लागलं होतं, दोन जणांनी तेच वापर म्हणूनही सांगितलं. पण ते पाणी थंड कॉइलवर जमून खाली येतं आणि कॉइलमधे तांबं असतं. तांबं म्हणजे श्रिम्पला विष. माणसाला ज्या प्रमाणात काही होत नाही त्या प्रमाणात हे मरतात. माशांच्या बऱ्याच औषधांत पण तांबं असतं, त्यामुळे जुन्या टँकची भांडी, जाळी, पाइप घेत असाल तर आधी त्यात कुठलं औषध टाकलं होतं ते विचारा. एसीचं पाणी बाद.

नणंदेच्या फ्लॅटचं सगळ्यात गमतीशीर निघालं. त्यांच्या सोसायटीत सॉफ्टनर आहे, पाणी हाताला गुळगुळीत लागतं, साबण निघता निघत नाही, आणि ती म्हणे वहिनी आमच्याकडचं न्या, एकदम सॉफ्ट पाणी आहे. मग टीडीएस ८०० कसा? सॉफ्टनर काय करतो, कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, म्हणून त्यात मिठाच्या गोण्या ओतायला लागतात. टोटल तेवढीच, हेड बदललं. तिथला जीएच नंतर किटने बघितला तर पहिल्याच थेंबाला रंग बदलला. म्हणजे श्रिम्पला हवं ते अजिबात नाही आणि नको ते भरपूर. घरात सॉफ्टनर असेल तर त्याच्या आधीच्या नळावरून पाणी घ्या.

डिसेंबरात जीएच-केएचचं थेंबवालं किट मागवलं, एपीआयचं, अमोनिया-नायट्राइटचं वेगळं, दोन्ही मिळून अडीच हजाराच्या आसपास गेले. खरं सांगायचं तर पूर्ण प्रकरणात हाच खर्च मला सगळ्यात जास्त खटकला आणि हाच सगळ्यात उपयोगी पडला. पट्ट्यांचं स्वस्त किट मिळतं पण रंग जुळवताना अंदाजच करत बसावं लागतं. थेंबाचं सोपं आहे, नळीत ५ मिली पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं, जीएचला नारिंगीचा हिरवा होईपर्यंत आणि केएचला निळ्याचा पिवळा होईपर्यंत, जितके थेंब तितकी डिग्री. एक डिग्री म्हणजे लिटरला साधारण १७.८ मिलिग्रॅम, हा आकडा लिहून ठेवा, लॅबचा रिपोर्ट वाचताना लागतो.

लॅबचं असं झालं की बोअरमधे नायट्रेट आणि तांबं किती ते माझ्याकडच्या किटने कळत नव्हतं. आणि मधेच मामांनी त्यांच्या विहिरीचं पाणी पुढे केलं. मामांची यावलकडे केळी आहे, विहिरीचं पाणी गोड, टीडीएस ४२०, डाळ पटकन शिजते. मामा म्हणाले, “अगं पिढ्यान् पिढ्या पितोय आम्ही, तुझ्या त्या किड्यांना काय होणार आहे, चार कॅन भरून देतो.” पण केळीला ठिबकमधून युरिया-पोटॅश सारखं चालू असतं आणि फवारण्याही होतात, म्हणून म्हटलं एकदा बघूनच घेऊ.

जानेवारीत दोन्ही नमुने सरकारी लॅबला दिले. कुणाला द्यायचं असेल तर काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. स्वच्छ प्लास्टिकचा दोन लिटरचा कॅन घ्या, कोल्ड्रिंकची बाटली नको, आणि ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने तो तीनदा विसळा. बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मगच भरा, पाइपात साचलेलं पाणी देऊ नका. काठोकाठ भरा, हवा नको. आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा. फॉर्मवर नाव-पत्ता, स्रोत कोणता, किती खोल, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ असं सगळं असतं, बोअरची खोली मला माहीत नव्हती, फोन करून सासऱ्यांना विचारली. नंतर एक रकाना होता, हेतू. खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, पिण्यासाठी का शेतीसाठी? मी म्हटलं झिंगे पाळायला. “मग मत्स्यव्यवसायला जा ना ताई.” मी म्हटलं तळं नाहीये हो साहेब, टब आहे, वीस लिटरचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शेजारच्यांकडे बघितलं आणि ‘इतर’वर टिक केली. तांबं नेहमीच्या तपासणीत येत नाही, ते वेगळं सांगावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे. चलन भरायची जागा दुसरीकडे, जेवणाच्या सुट्टीत बंद, म्हणून सकाळीच जा. रिपोर्टला दीड-दोन आठवडे सांगितले होते, साधारण तेवढेच लागले, फक्त कुणी फोन करत नाही, आपणच जाऊन विचारायचं.

बोअरचा रिपोर्ट मला पाठ झालाय. लिटरला मिलिग्रॅममधे एकूण कठीणपणा ३९२, अल्कता ३२०, क्लोराइड ९६, नायट्रेट ३१, तांबं जवळजवळ नाहीच. ३९२ ला १७.८ ने भागा, २२ डिग्री जीएच. ३२० ला भागा, १८ केएच. म्हणजे चेरीला हवं त्याच्या तिप्पट, पण चांगली गोष्ट अशी की या पाण्याच्या टीडीएसमधे मोठा वाटा कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटचाच आहे, म्हणजे हवं तेच आहे, फक्त जास्त आहे. तेव्हाच डोक्यात आलं की याला पातळ केलं तर?

मामांच्या विहिरीत नायट्रेट ६८ निघालं. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात नायट्रेटची मर्यादा ४५ आहे. माझ्या श्रिम्पचं राहू द्या, घरात मामीची सून बाळंत होऊन आलेली, लहान बाळाच्या दुधात ते पाणी जात होतं आणि जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांना बाधतं. हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. मामा दोन दिवस घुश्शात होते, मग मामींनीच बाळासाठी जार लावला. पुढे मामांनी पण मुकाट्याने तोच प्यायला सुरुवात केली असं मामी म्हणाल्या. आणि नायट्रेट तरी मोजता आलं, फवारणीचं औषध किती उतरलंय ते मोजायची लॅबची फी माझ्या बजेटबाहेर होती. श्रिम्प हे किड्यांचेच भाऊबंद, किड्याला मारतं ते यांना मारतं. शेतातल्या विहिरीचं पाणी कितीही गोड लागो, मी नाही घेणार.

त्याच आयएस १०५०० मधे तांब्याची मान्य मर्यादा ०.०५ आणि दुसरा सोर्स नसेल तर १.५ पर्यंत चालेल असं आहे. १.५ मधे चेरी श्रिम्प वाचत नाहीत. म्हणून ‘पिण्यायोग्य’ असा शेरा रिपोर्टवर बघून हुरळून जाऊ नका, आकडा बघा.

आता आरओ. किचनमधल्या आरओचा टीडीएस ८५ येत होता म्हणजे मेंब्रेननंतर काहीतरी परत मिसळलं जातंय. हल्ली बऱ्याच मशीनमधे मिनरलची कार्ट्रिज असते आणि काहींत तर मुद्दाम तांबं सोडणारी असते, जाहिरातीत तेच मोठं करून दाखवतात. आमच्यात साधी मिनरलवाली होती. सर्व्हिसच्या मुलाला बोलावलं आणि मेंब्रेन संपते तिथे एक टी टाकून वेगळी नळी बाहेर काढून मागितली. तो तयार होईना. “ताई, हे पाणी पिऊ नका हां, यात काहीच नसतं.” मला काहीच नसलेलंच हवंय म्हटल्यावर दीडशे रुपयांत करून दिलं. त्या नळीला टीडीएस २२. जारवाल्यांचं पण चालतं, वीस-तीस रुपयांना जार, पण त्यांना विचारून घ्या मिनरल टाकता का, आणि दरवेळी पेन बुडवून बघा, आमच्या कोपऱ्यावरचा एकदा ४० तर एकदा ११० आला. आरओचं वाया जाणारं पाणी मी बादलीत धरते, फरशीला वापरते.

मग मिसळायचं गणित. एक भाग बोअर, दोन भाग आरओ. जीएच २२ चा तिसरा हिस्सा म्हणजे ७ च्या जरा वर, केएच ६, नायट्रेट १० च्या आसपास, टीडीएस २७० धरा. कागदावर झालं, बादलीत करून बघितलं तर किटने पण जीएच ७, केएच ६ दाखवलं. इतकं सोपं असेल असं वाटलंच नव्हतं. लोक आरओत बाहेरून मिनरलची पावडर टाकतात, सॉल्टी श्रिम्प या ब्रँडची जीएच-केएच प्लस प्रसिद्ध आहे, ती उत्तमच आहे, दरवेळी अगदी सारखं पाणी मिळतं, पण इम्पोर्टेड आणि महाग. ज्यांच्या बोअरमधे क्लोराइड किंवा नायट्रेट जास्त आहे त्यांनी मात्र पावडरच घ्यावी, कारण पातळ करताना वाईट पण सोबत येतंच. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात काही बोअर खारे लागतात, तिकडच्या लोकांनी आधी क्लोराइड बघा. नुसतं कटलबोन, म्हणजे माखल्याचं हाड, टाकून भागवणारेही आहेत, त्यातून कॅल्शियम मिळतं पण मॅग्नेशियम फारसं नाही.

तरी नळाचं पाणी मी लगेच सोडलं नाही, कारण आकड्यांनी तेही वाईट नव्हतं, जीएच १०, केएच ९. म्हणून वीस-वीस लिटरचे तीन टब मांडले, मागच्या खोलीत, एकाच रॅकवर. एकात मुरवलेलं नळाचं, एकात निव्वळ बोअरचं, एकात मिक्स. तिन्हीत सारखा स्पंज फिल्टर, एकाच एअर पंपावर, सारखं जावा मॉस आणि देशी बदामाची वाळलेली पानं, ती फुकट, समोरच्या शाळेच्या आवारात पडतात, फक्त फवारणी न झालेल्या झाडाची घ्या, धुऊन उकळून टाका. जानेवारीत आमच्याकडे थंडी इतकी पडते की कधी कधी पारा दहाच्या खाली जातो, त्यामुळे टब सायकल व्हायला, म्हणजे अमोनिया खाणारे बॅक्टेरिया तयार व्हायला, वेळ लागला. चिमूटभर माशाचं खाणं टाकायचं आणि वाट बघायची. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत श्रिम्प आणायचे नाहीत, इथे घाई करणाऱ्यांचे पैसे जातात.

सासूबाई अमळनेरकडच्या, घरात अहिराणीच बोलतात. रिकामे टब रोज हलवताना बघून एक दिवस म्हणाल्या, “हाई काय शे?” म्हटलं आई, यात झिंगे येणार आहेत. “झिंगा खावाले राहतस, पाळाले नही!” पुढे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं.

फेब्रुवारीच्या शेवटी श्रिम्प आले, पुण्याच्या एका ब्रीडरकडून, चाळीस रुपयाला एक, रात्रीच्या ट्रॅव्हल्समधे थर्माकोलच्या बॉक्समधून, सकाळी स्टॉपवर जाऊन उचलले. मागवताना ब्रीडरला त्याच्या पाण्याचा जीएच, टीडीएस आणि तापमान विचारा. जो सांगत नाही किंवा ‘नॉर्मल पाणी’ म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. पिशवीत टीडीएस १९०, माझ्या मिक्स टबात २७०, म्हणून बारीक नळीला गाठ मारून टबातलं पाणी त्यांच्या पिशवीतल्या पाण्यात सेकंदाला एक-दोन थेंब, असं दोन-तीन तास. एकदम ओतलं तर श्रिम्प धक्क्याने कात टाकतात आणि अर्ध्यात अडकतात, मानेजवळ पांढरं कडं दिसतं, आणि ते दिसलं की सहसा वाचत नाहीत.

प्रत्येक टबात दहा-दहा सोडले. निव्वळ बोअरच्या टबात पहिल्या दोन आठवड्यांत तिघे गेले, दोघांना ते पांढरं कडं होतं. बाकीचे जगले, खायचे-प्यायचे, पण माद्यांच्या मानेमागे पिवळट खोगीर दिसायचं, म्हणजे अंडी तयार असायची, पण पोटाखाली येतच नव्हती. मिक्सच्या टबात मार्चच्या मध्याला पहिली मादी पोटाखाली अंडी घेऊन दिसली, पंचवीस एक असतील, मोबाइलने फोटो काढून झूम करून मोजायचा प्रयत्न केला, ती हलत राहते. नळाच्या टबात आठवडाभराने. अंडी साधारण महिनाभर वागवते, पाणी गरम असेल तर जरा लवकर. एप्रिलच्या तोंडावर मॉसवर तांदळाच्या कणीहून लहान, पारदर्शक, नुसते डोळे दिसणारे असे काहीतरी हलायला लागले आणि मी ऑफिसला उशिरा पोचले.

नळाचं पाणी वापरायचं तर क्लोरीन जायला हवा. चोवीस तास उघड्या बादलीत एअर स्टोन लावून ठेवला की जातो, घाई असेल तर हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, खडे मिळतात, एखादाच खडा पुरतो. माझं नळाबद्दलचं मत असं की ज्यांना थोडे श्रिम्प हौसेला ठेवायचेत त्यांनी खुशाल नळाचं घ्यावं. माझी अडचण वेगळी होती, ते पाणी सारखं राहत नाही. एप्रिलला टीडीएस ३१० चा ३६० झाला, जुलैत पाऊस पडल्यावर २४० झाला, गढूळपणामुळे तुरटी आणि ब्लीचिंग वाढतं तेव्हा वासच येतो, मग एक दिवसाऐवजी दोन दिवस मुरवायचं. दर वेळी वेगळं पाणी देण्यापेक्षा थोडं कमी चांगलं पण रोज तेच पाणी श्रिम्पला जास्त मानवतं, एवढं मला या तीन टबांनी शिकवलं. दहा श्रिम्पवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हे मान्य, पण मी मिक्सवर आले ते यामुळे.

आता उन्हाळा. मे महिन्यात बाहेर ४४-४५, मागच्या खोलीत पाणी ३३ ला गेलं तेव्हा माझी झोप उडाली. चेरी तीसच्या वर फार काळ टिकत नाहीत, पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन पण कमी मावतो. खोलीत कूलर लावला आणि टबांवर छोटे पंखे, पाणी उडून जाताना थंड होतं, तीन-चार डिग्री उतरतात. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे हा उपाय मुंबईपेक्षा खानदेशात जास्त चालतो. दुपारी बर्फाची सीलबंद छोटी बाटली, एका वेळी एकच, पाणी एकदम गार करायचं नाही.

पण उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. पंखा चालू असताना रोज पाणी इतकं कमी व्हायचं की टबावर मार्करने रेघ मारून ठेवली होती. ती भर घालायची ती नुसत्या आरओने, मिक्सने नाही. मिक्सने भरत राहिलं तर टीडीएस चढतच जातो, आठवड्यात २७० चा ३२० होतो आणि आपल्याला वाटतं आपण तर बरोबर पाणी घालतोय. पाणी बदलायचं असेल तेव्हा मिक्स, दहा टक्के, आठवड्याला, थेंबथेंब. ब्रीडिंग मे महिन्यात जवळपास थांबलं, दोन-तीन माद्यांनी अंडी सोडून दिली, काही मोठे श्रिम्प गेले. जूनमधे पहिला पाऊस झाला आणि पाणी २८ ला आलं तसं परत सुरू झालं.

पावसाचं पाणी पण धरून बघितलं, गच्चीवर, पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देऊन. टीडीएस १८. आरओच्या जागी छान चालतं, मेंब्रेन वाचते, आणि वाया काही जात नाही. पत्र्यावरून येणारं धरू नका, आणि आजूबाजूला कपाशी-केळीची फवारणी असेल तर अजिबात नको. मी झाकणाचे दोन ड्रम भरून ठेवलेत.

फवारणीवरून आठवलं, पावसाळ्यात डासांच्या धुराची गाडी येते. गाडीचा आवाज आला की आधी एअर पंप बंद करा, तो खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो, मग टबांवर ओला टॉवेल टाका, खिडक्या लावा, तासाभराने परत चालू करा. घरात डासांचं लिक्विड लावणंही त्या खोलीत बंद आहे, मच्छरदाणी लावली.

सध्या दोन टबांत मिक्स आहे, बोअरचा टब रिकामा करून त्यात पण तेच भरणार आहे. छोटे-मोठे मिळून शंभराच्या वर असावेत, मोजता येत नाहीत. सासूबाई सकाळी चष्मा लावून बघून जातात आणि मेलेला दिसला तर मलाच ऐकवतात. किट, लॅब, टब, पंप, श्रिम्प धरून सात हजाराच्या आसपास गेले, त्यातले निम्मे पाणी तपासण्यात.

एक काम राहिलंय. चांगला पाऊस झाल्यावर बोअरमधे नवं पाणी उतरतं, मागच्या आठवड्यात आमच्या बोअरचा टीडीएस ७६० वरून ६४० वर आलाय आणि जीएच १९ येतोय. म्हणजे एकास दोन घेतलं तर आता आधीसारखं पाणी मिळणार नाही, जीएच साडेसहाच्या खाली जातो. सध्या पाच लिटर बोअरला नऊ लिटर आरओ घेते, जीएच ७ च्या जवळ राहतो. ऑक्टोबरात, पाऊस संपल्यावर, नमुना परत लॅबला द्यायचाय, नायट्रेट आणि तांबं दोन्ही, आणि या वेळी सासऱ्यांकडून बोअरची खोली आधीच लिहून घेतली आहे, १८० फूट.